गवत चार महिने, मशीन बारा महिने

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. तीन गुंठ्यांचा प्लॉट, निम्म्यात घर, उरलेल्यात अंगण, लिंबू, शेवगा, कढीपत्ता आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत. शेजारचा चार गुंठ्यांचा प्लॉट रिकामा आहे, मालक बाहेरगावी. तिथलं काँग्रेस गवत कंपाउंडवरून डोकावतं आणि मागच्या वर्षी गेटपाशी साप निघाला होता. मिस्टर निवृत्त, वय ६७, कमरेचं दुखणं. खुरपणं ताईच करतात. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं ‘४८ व्होल्ट’चं बॅटरीचं ग्रास कटर पहिल्या पावसाळ्यात एका चार्जिंगवर दहा मिनिटं चालायचं, दुसऱ्या पावसाळ्यात सुरूच झालं नाही. त्याची गवत कापायची नायलॉनची तारही ताईच भरायच्या. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘५२ सीसीचं पेट्रोलचं ब्रश कटर पाठवतो, सोबत लोखंडी पातंही येतं, विषय संपला.’ मिस्टर म्हणतात, विळा आहे की घरात. ताईंचं म्हणणं: ‘यांना झेपेल आणि सारखं बिघडणार नाही असं एकच भरवशाचं मशीन सांगा. बाईमाणसाला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते.’

ताई,

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण मला पहिली शंका तिथंच आली. खुरपणं तुम्ही करता. तार तुम्ही भरायचात. कुठल्या कोपऱ्यात हराळी, कुठं लव्हाळा आणि काँग्रेस कुठून शिरतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. आणि मशीन मात्र ‘यांना’ झेपणारं हवं! मिस्टरांनी हात लावू नये असं मी म्हणत नाही. पण कंबर धरलेल्या माणसाच्या गळ्यात आठ-नऊ किलोचं मशीन पट्ट्यानं अडकवायचं, का तर यंत्राचं काम पुरुषांचं, हे मला काही पटत नाही. आधी मशीन कोण चालवणार ते ठरवा. पत्र वाचून तरी मला वाटतं की ते तुम्हीच चालवणार आहात. मग वजन, दांड्याची लांबी, सुरू करायची पद्धत, सगळं तुमच्या हाताला बघून घ्यायचं. दुकानात तुम्ही स्वतः जायचं, दांडा धरून उभं राहायचं. पाठ न वाकवता मशीनचं डोकं, म्हणजे तार फिरते तो खालचा भाग, जमिनीपासून चार बोटांवर आलं पाहिजे. नाही आलं तर ते मशीन कितीही नावाजलेलं असो, तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट. तुम्ही आणि मुलगा, दोघंही भरवसा ताकदीत शोधताय. ४८ व्होल्टनं दगा दिला, आता ५२ सीसी आणू. पण तुमचं आधीचं मशीन गवतापुढं हरलेलं नाही, ते पडून पडून गेलंय.

आपल्या सोलापूरचं गवत आठवा. जूनमध्ये दोन सरी येतात, थोडं हिरवं दिसतं, मग पाऊस गायब. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून, आणि सप्टेंबरात तर बघता बघता अंगण दिसेनासं होतं. दिवाळीपर्यंत हा खेळ. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा येईस्तोवर सगळं पिवळं, आणि मार्चमध्ये काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा मोजायच्या. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथं लॉनला पाणी घालण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे मशीन वर्षातून आठ-दहा वेळा हातात येणार आणि उरलेले सात-आठ महिने माळ्यावर नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या ४२-४३ डिग्रीत, बसून राहणार. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मशीन घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. आपल्याकडं मशीनची परीक्षा गवतात होत नाही, माळ्यावर होते. जे आठ महिने विसरलं तरी ऑगस्टमध्ये पहिल्या झटक्यात सुरू होईल ते भरवशाचं.

या कसोटीवर तुमच्या जुन्या मशीनचं काय झालं ते बघू. घरात असेल तर त्याचा चार्जर हातात घ्या आणि मागं ‘आउटपुट’समोर काय छापलंय ते वाचा. बहुतेक २१ व्होल्ट असेल. तसं असेल तर बॅटरीवरचा ४८ चा आकडा नुसती सजावट आहे. अशा बॅटरीत आत लिथियमचे सेल पाच-पाचच्या ओळीत असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पाचांचे मिळून २१. चालताना सरासरी १८. (‘२०’ किंवा ‘२१ व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, दुकानदारानं मोठा आकडा दाखवला म्हणून जास्त पैसे देऊ नका.) आता गणित करा. १८ व्होल्ट आणि १.५ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) धरले तर २७ वॅट-अवर. गवतात शिरल्यावर मोटर २०० वॅट जरी ओढत असेल तरी हिशेब आठ मिनिटांचा होतो. तुम्हाला दहा मिनिटं मिळत होती, म्हणजे मशीन जेवढं करू शकत होतं तेवढं प्रामाणिकपणे करत होतं.

आणि दुसऱ्या वर्षी का मेलं? दिवाळीत शेवटचं वापरलं, बॅटरी तशीच रिकामी ठेवली, उन्हाळा वरच काढला. लिथियमची बॅटरी रिकामी ठेवली की हळूहळू आणखी खाली जाते, एका मर्यादेखाली गेली की चार्जर तिला घेतच नाही. वर उष्णता. उन्हात तापलेल्या जागी भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते आणि रिकामी मरते. ज्यांच्याकडं बॅटरीचं मशीन आहे त्यांनी हंगाम संपला की ती साधारण निम्मी भरून घरात, थंड कपाटात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघावी. मेलेल्या बॅटरीला जबरदस्तीनं करंट देऊन जिवंत करणारे व्हिडिओ फिरतात, त्या नादाला लागू नका. घंटागाडीतही टाकू नका, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडं द्या.

बॅटरीचं मशीन वाईट असं माझं म्हणणं नाही. घरात चांगल्या कंपनीचं १८ व्होल्टचं ड्रिल असेल आणि त्याच बॅटरीवर चालणारं ट्रिमर (तारेनं गवत कापणारं हलकं मशीन) मिळत असेल तर खुशाल घ्या, ४ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, ब्रशलेस, म्हणजे आत झिजणारे कार्बन ब्रश नसलेली, मोटर बघा. वर्षभर ड्रिलला वापरात राहिल्यानं बॅटरी टिकेल. पण नुसत्या गवतासाठी, चार महिन्यांसाठी, महागाची बॅटरी घेऊन ती आठ महिने सांभाळत बसायचं, हे तुमच्या घरासाठी मी सुचवणार नाही.

आता मुलाचं ५२ सीसी. त्याच्या मनात माया आहे, आईबापांचा त्रास एकदाचा संपवावा. पण त्याला हे विचारा: पेट्रोलमध्ये ऑइल कोण मिसळणार? ही स्वस्तातली ५२ सीसी मशीनं बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारी, असतात. ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि ऑइल, ४०:१ ला २५ मिलि, २५:१ ला ४० मिलि. कुठलं प्रमाण ते पुस्तिकेत असतं आणि पुस्तिका बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात हरवते. एकदा कुणी घाईत साधं पेट्रोल ओतलं तर पिस्टन जाम. त्यानंतर दुरुस्तीचा खर्च ऐकून नवं घ्यावंसं वाटतं.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे तेच माळ्यावरचे आठ महिने. सध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला त्याचं कौतुक असणारच. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि छोट्या कार्बोरेटरमधले रबरी पडदे, नळ्या कडक करतं. टाकीत तळाला राहिलेलं पेट्रोल उडून जाताना मागं चिकट थर सोडतं. मग ऑगस्टमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निघतो आणि मशीन खोकतसुद्धा नाही. दुकानातला मेकॅनिक कार्बोरेटर उघडतो, साफ करतो, पैसे घेतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मशीन खराब नव्हतं, ठेवताना टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवायला हवं होतं. हे न चुकता करणारा माणूस घरात असेल तर पेट्रोलचं मशीन वर्षानुवर्षं चालतं. तो पुण्याला असून उपयोग नाही.

मोहोळला, बार्शीला शेत असणाऱ्यांचं गणित वेगळं. बांधावरचा कुंदा, कडेची घाणेरी, अर्धा-एक एकर मोकळी जागा आणि वायर पोचत नाही, तिथं पेट्रोलला पर्याय नाही. त्यांना माझं सांगणं एवढंच की जमलं तर फोर-स्ट्रोक बघा. होंडाचं ३५.८ सीसीचं जीएक्स३५ इंजिन या कामात बरंच दिसतं. पेट्रोल वेगळं, ऑइल वेगळं, मिसळायची भानगड नाही, आवाज आणि धूरही कमी. सीसीचा आकडा ५२ पेक्षा लहान दिसतो म्हणून नाक मुरडू नका. टू-स्ट्रोकमध्ये तेवढ्याच चकरांत दुप्पट वेळा पेट्रोल पेटतं, त्यामुळं नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. जास्त पैसे पडतात हे मात्र खरं.

तुमच्यासाठी माझं उत्तर साधं आहे: वायरचं, विजेवर चालणारं ट्रिमर.

हसू नका. ‘वायर कोण ओढत बसणार’ हे मला माहीत आहे. पण तुमची जागा मोजा. तीन गुंठे म्हणजे सुमारे ३,२७० चौरस फूट, त्यात घर मधे. घराच्या पुढं-मागं एकेक प्लग असेल तर कुठलाही कोपरा साठ-सत्तर फुटांच्या आत येतो. ना बॅटरी, ना कार्बोरेटर, ना ऑइल. आठ महिन्यांनी काढलं, प्लग लावला, सुरू. बिघडण्यासारखं आत असतं ते म्हणजे कार्बन ब्रश, स्विच आणि फार तर वाइंडिंग. यंत्रमागांच्या गावात मोटर बांधून देणारा शोधायला चौकशी करावी लागते का? लाइट गेली तर गवत उद्या कापा, ते कुठं पळून जात नाही. वजन साधारण अडीच ते चार किलो. पाचशे ते हजार वॅटच्या मधलं बघा. अडीचशे-तीनशे वॅटची छोटी मशीनं सपाट लॉनच्या कडा नीट करायला ठीक, तुमच्याकडच्या सप्टेंबरातल्या जाड काड्यांपुढं ती दमतात. दांडा कमी-जास्त होणारा आणि मधे दुसरी मूठ पुढं-मागं सरकणारी हवी.

वायरच्या बाबतीत मात्र कंजुषी करू नका. टेबलफॅनची पातळ वायर जोडून जोडून वापरायची नाही. तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची, तीस मीटर, मधे एकही जोड नसलेली आणि रंग भगवा किंवा पिवळा, म्हणजे हिरव्यात दिसेल. गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून मगच मशीन चालवा, गुंडाळलेली वायर तापते. मशीनच्या मुठीपाशी वायर अडकवायला आकडा असतो, त्यात एक वेढा घ्या म्हणजे ओढ बसून प्लग निघणार नाही. काम प्लगच्या जवळून सुरू करून लांब जायचं, वायर कायम पाठीमागं. आणि ज्या बोर्डावरून वीज घेणार त्याच्या मागं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा. नसेल तर मशीन घ्यायच्या आधी ते बसवा. यात सूट नाही. वायर कापली गेली तर जीव वाचवणारी गोष्ट तीच. ओल्या गवतात, रिमझिमीत चालवायचं नाही, पाऊस उघडल्यावर गवताला दोन उन्हं खाऊ द्या. तसंही आपल्या काळ्या मातीत पाऊस पडल्यापडल्या पाय ठेवला तर चपलेला किलोभर चिखल येतो.

आता तारेबद्दल, कारण रोजचा वैताग तिथंच आहे आणि त्याचं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. हे यंत्र अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांनी १९७१ मध्ये काढलं. गाडी धुण्याच्या यंत्राचे फिरणारे ब्रश बघून त्यांना सुचलं, म्हणून पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडली, मासे धरायची दोरी ओवली आणि डबा मोटरवर फिरवला. आजचं मशीन आतून तेवढंच आहे. तारेला धार नसते, तिचा वेग कापतो, आणि सगळ्यात जास्त वेग टोकाला. म्हणून टोकाच्या बोटभर तारेनं गवताला नुसतं शिवत जायचं, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, थोडं थोडं पुढं. डोकं गवतात खुपसलं की तार तुटते, मोटर घरघरते आणि गवताच्या दोऱ्या दांड्याला गुंडाळल्या जातात. गुडघाभर वाढलेलं गवत एकदम बुडातून नका घेऊ. आधी वरचं निम्मं उडवा, मग खाली या.

दुसरं, तार नायलॉनची असते आणि नायलॉनला थोडा ओलावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात रीळ वाळून ठिसूळ होतं, मग ऑगस्टमध्ये दर दोन मिनिटाला तुटतं आणि शिव्या मशीनला. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री रीळ बादलीत बुडवून ठेवा. सकाळी ते वाकवून बघा, फरक हाताला कळेल. जाडी मशीनवर लिहिलेली असते तेवढीच. १.६ मिलिमीटरच्या मशीनला २.४ ची तार भरली तर काम जास्त होत नाही, मोटर जळते. आणि भरताना वेढे एकमेकांवर चढू न देता, शेजारी शेजारी, बाणाच्या दिशेनं घट्ट. हे तुम्हाला जमतंच आहे म्हणा.

मुलगा म्हणतो ते लोखंडी पातं अंगणात नकोच. घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे, मुरूम, पायाचे दगड गवतात लपलेले असतात. पातं त्यावर आदळलं की मशीन उसळी मारतं, खडा गोळीसारखा सुटतो. तारेनंही खडे उडतातच, म्हणून डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, अंगात जुनी पँट. साडी, ओढणी नको. कुणालाही पन्नास फुटांच्या आत उभं राहू देऊ नका, सुट्टीला आलेल्या नातवंडांना तर घरातच. गाडी आणि काचेची खिडकी हेही लक्षात असू द्या. तारेऐवजी लोखंडी वायर किंवा साखळी लावायचे उद्योग कुणी सुचवले तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

झाडांबद्दल एक सांगते. कोवळ्या खोडाला तार दोन-चारदा लागली की साल चहूबाजूंनी सोलली जाते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. कीड लागली समजून लोक औषध मारत बसतात. तुमच्या कढीपत्त्याला आणि लिंबाला वीतभर उंचीचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिरून बुडाशी बसवा. किंवा तिथं खुरपंच वापरा. आणि गणपतीच्या आधी अंगण साफ करायच्या उत्साहात हराळीचा एक वाफा राखून ठेवा. दूर्वा तीच, बाजारात जुडीला पैसे मोजण्यापेक्षा घरची बरी. गौरीसाठी आघाड्याची दोन रोपंही सोडा.

यापुढचं तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्या अंगणातल्या निम्म्या तणाला कुठलंच मशीन उपयोगाचं नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असतात, वरून कापला की आठ दिवसांत पुन्हा हजर. त्याला खुरपं, आणि जमलं तर उन्हाळ्यात खणून गाठी उन्हात वाळू देणं. काँग्रेस म्हणजे गाजर गवत तर मशीननं मुळीच कापू नका, निदान फुलावर असताना. त्याचे परागकण आणि चीक अंगावर उडतात, कातडीला खाज, सर्दी, दमा असलेल्यांना धाप. शिवाय बुडातून पुन्हा फुटतं. पुण्यात १९५५ च्या सुमारास या गवताची भारतात पहिल्यांदा नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. फुलं यायच्या आत, पावसानं माती भुसभुशीत असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. पानं कुरतडलेली आणि त्यावर पट्ट्यांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते याच गवतासाठी मेक्सिकोतून आणून १९८० च्या दशकात आपल्याकडं सोडलेले आहेत आणि फुकटात तुमचं काम करताहेत.

म्हणजे मिस्टरांचा विळा-खुरपं अगदीच चुकीचं नाही, हे त्यांना सांगा. त्यांना बरं वाटेल. कमरेसाठी मात्र बसून खुरपण्याऐवजी लांब दांड्याचं खुरपं किंवा छोटं फावडं द्या, उभ्यानं चालवता येईल असं.

आता शेजारचा प्लॉट. तुमची सगळी भीती तिथं आहे आणि मशीनचा आकार तुम्ही त्या भीतीवर ठरवताय. चार गुंठ्यांचं दुसऱ्याचं रान वर्षातून दोनदा कापायचं म्हणून ५२ सीसी विकत घ्यायचं आणि बारा महिने सांभाळायचं, हा तोट्याचा सौदा आहे. आधी मालकाचा नंबर मिळवा, फोटो पाठवा, सरळ विचारा: ब्रश कटरवाला बोलावतो, निम्मे पैसे तुम्ही द्या. बरेच जण लाजेखातर तयार होतात. शेती अवजारांच्या दुकानात विचारलं की तासावर किंवा दिवसावर येणारा माणूस मिळतो, स्वतःचं मशीन, स्वतःचं पेट्रोल. एकदा जुलैअखेर, काँग्रेस फुलायच्या आत, आणि एकदा परतीचा पाऊस संपल्यावर. मालक दाद देत नसेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात फोटोसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार तिथंच विरते. वाळलं की काडी लावून मोकळं व्हायचा मोह टाळा, कंपाउंडला लागून तुमचा शेवगा आहे आणि वर विजेच्या तारा. तणनाशकाचा फवाराही नको, वाऱ्यानं तो आधी तुमच्या लिंबावर येईल.

साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. गेटपाशी निघाला म्हणता, तर गेटजवळ विटांचा ढीग, लाकडं, जुनी फरशी रचलेली आहे का बघा, आधी ती हलवा. भिंतीलगत हातभर पट्टा कायम आखूड ठेवा, तेवढ्यासाठी तुमचं वायरचं मशीन भरपूर आहे. कापायच्या आधी काठीनं गवत हलवा, मशीन थोडा वेळ मोकळं फिरवा. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी आहेत, म्हणून ओळखायच्या भानगडीत न पडता सर्पमित्राला फोन. चावलाच तर थेट सिव्हिल, मधे कुठंही थांबायचं नाही.

मुलाला काय सांगायचं? पैसे त्याला द्यायचेच असतील तर आरसीसीबी, वायर आणि मशीन मिळून घेऊ दे. अट एकच, ऑनलाइन नाही, इथल्या दुकानातून. दुकानात गेलात की समोर मांडलेली मशीनं नंतर बघा, आधी मागं दुरुस्तीचा कोपरा असतो तिथं जा. कुठल्या नावाची मशीनं जास्त पडलीत ते डोळ्यांनी दिसतं, आणि दुरुस्तीवाल्या पोराला ‘तुझ्या घरी कुठलं घेशील’ विचारलं तर तो मालकापेक्षा खरं बोलतो. मग विचारा की या मशीनचं तारेचं डोकं सुटं मिळतं का, आत्ता दाखवा. ‘मागवून देऊ’ म्हणाले तर पुढचं मशीन बघा. कार्बन ब्रश, रीळ, गार्ड तिघंही तिथल्या तिथं मिळाले पाहिजेत, गॅरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. आणि निघायच्या आधी काउंटरवरच एकदा तार तुम्ही स्वतः काढून भरून बघा. ब्रँड मी मुद्दाम सांगत नाही. ज्याचे सुटे भाग तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळतात तो ब्रँड.

जुलै लागायच्या आत जाऊन या. गणपतीच्या आठवड्यात गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ नसतो.